ताराप्रवाहातली फट आणि मगदूम बाई

डॉ. कांचनमाला मगदूम यांना मी पहिल्यांदा पाहिले ते सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात, पदार्थविज्ञान विभागाच्या कार्यालयात. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मी कोरेगावहून एस.टी.ने आलो होतो. सोबत वडील होते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात माझ्या गुणपत्रिकांची फाइल. बाईंनी ती फाइल उघडलीच नाही. माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, "तुला काय येत नाही?"

असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी वडिलांकडे पाहिले. शेवटी वडीलच म्हणाले, "आवं बाई, त्याला समदं येतं. तालुक्यात पयला हाय त्यो."

"मग इथं कशाला आणलंत?" बाई म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. त्या खरोखरच उत्तराची वाट पाहत होत्या.

वडिलांनी फाइल काखेत घातली. परतीच्या गाडीत कराडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "बाई लय कडक हाय. पर तितंच शीक."

त्या दिवसापासून बाईंनी मला अनेकदा हादरवले आहे. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे बाईंच्या संशोधनाचा परिचय मागितला होता आणि तो मी देणारच आहे. परंतु त्या संशोधनातली एक घटना अशी आहे, की ती गेली सात वर्षे बाई आणि मी सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. ती वाचून बाईंच्या विद्यार्थिवर्गाला आणि माझ्या सहकाऱ्यांना धक्का बसेल. बसावा. सात वर्षांपूर्वीच बसायला हवा होता.

बाई मूळच्या तासगावजवळच्या. जैन शेतकऱ्याचे घर, द्राक्षबागा, बेदाण्याची शेड. त्या भागातून पदार्थविज्ञान शिकायला बाहेर पडलेल्या मुलींत बहुधा त्या पहिल्याच असतील. तीसहून अधिक वर्षे त्यांनी सांगलीत शिकवले आणि निवृत्तीनंतर सत्काराची शाल घरी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या पुन्हा विभागात हजर झाल्या. जिन्याखालची एक खोली त्यांनी मागून घेतली. मी तेव्हा तिथेच तासिका तत्त्वावर शिकवत होतो. मला बोलावून त्या म्हणाल्या, "आकाशगंगेतल्या ताऱ्यांची यादी उपग्रहानं सगळ्या जगाला फुकट दिलीय. त्यात कुणीही शोध घ्यावा. मला प्रोग्रॅम लिहायला शिकव."

साठी उलटलेल्या माझ्या गुरू माझ्यासमोर वही उघडून बसल्या आणि मी त्यांना शिकवू लागलो. पहिले दोन दिवस माझी जीभ वळत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच प्रोग्रॅममधली चूक काढली आणि मग मात्र मी निर्धास्तपणे शिकवू लागलो.

बाईंच्या कामाचा विषय ताराप्रवाह हा होता. आपल्या आकाशगंगेभोवती ताऱ्यांचे लहान पुंजके फिरत असतात. आकाशगंगेच्या ओढीने एखादा पुंजका हळूहळू उसवतो आणि त्यातले तारे पुढेमागे पसरत एक लांबलचक, अरुंद पट्टा तयार होतो. हा ताराप्रवाह. दुसरीकडे, आकाशगंगेत कृष्णद्रव्य, म्हणजे ज्याला इंग्रजी वळणाने सगळे डार्क मॅटर म्हणतात ते, पुष्कळ आहे. ते दिसत नाही, फक्त त्याची ओढ जाणवते. त्याच्या लहानमोठ्या गुठळ्या असाव्यात असे गणित सांगते. गुठळीत एकही तारा नसेल तर ती शोधायची कशी? ती एखाद्या ताराप्रवाहाच्या जवळून गेली, तर तिच्या ओढीने तिथले तारे हलतील आणि कालांतराने प्रवाहात फट पडेल. फटीच्या रुंदीवरून गुठळीचे वजन काढता येते. अशी फट बाई शोधत होत्या.

हे मी आता सहज लिहिले, पण मला ते नीट कळले बाईंच्या माहेरी. एका रविवारी त्या मला तासगावकडे घेऊन गेल्या होत्या. त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, शेडमध्ये बेदाण्याच्या जाळ्या बघत होते. त्यांनी विचारले, "अक्का, जे दिसतच न्हाई ते तू बघतीस कशी?"

शेजारी उसाचे रान होते. बाईंनी तिकडे बोट केले. "सरीत मधेच नांगं पडलं, जागा रिकामी राहिली, तर तू काय म्हणतोस?"

"कांडीचा डोळा उगवला न्हाई म्हणतो. न्हाईतर रानडुक्कर शिरलं म्हणतो."

"डुक्कर बघितलेलं असतंस?"

"न्हाई. पर ऊस मोडलेला दिसतोय की."

"तसंच मी करते."

अप्पा थोडा वेळ जाळी हलवत राहिले. मग म्हणाले, "आनि धुकं असलं तर? मला एकदा सकाळच्या पारी अर्धी सरी रिकामी दिसली हुती. ऊन आल्यावर बघतोय तर ऊस जागच्या जागी."

बाई हसल्या नाहीत. त्या थबकल्याच. परतीच्या वाटेवर त्यांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. द्राक्षबागायतदाराने बोलता बोलता विचारलेला हा प्रश्न पुढे आमच्या सगळ्यांचे आयुष्य ढवळून काढील हे मला तेव्हा कळले नाही.

पुढे जाण्यापूर्वी बाईंच्या मायेबद्दल सांगितले पाहिजे, नाहीतर मी काय केले त्याचे वजन वाचकांना कळणार नाही. माझ्या पत्नीचे बाळंतपण फार अवघड गेले. सांगलीतल्या रुग्णालयात मी तीन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी आठवले, की आपले तास बुडाले आणि तासिका तत्त्वावरच्या माणसाला हे परवडणारे नाही. घाबरून मी विभागात फोन केला. शिपाई म्हणाला, "सर, तुमचे तास सुरूच हायत की. मगदूम मॅडम घेत्यात." निवृत्त झालेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाई तीन दिवस माझ्या वर्गावर उभ्या राहून शिकवत होत्या. दुपारी त्याच डबा घेऊन रुग्णालयात येत आणि माझ्या सासूबाईंशी द्राक्षाच्या छाटणीविषयी गप्पा मारत. तासांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

त्याच वर्षी आम्हाला फट दिसली.

एका अरुंद ताराप्रवाहाच्या मध्याच्या थोडे पुढे तारे एकाएकी विरळ होत होते. बाईंनी पुन्हा मोजले, मी पुन्हा मोजले. एखादी मोठी गुठळी जवळून गेली असेल तर जशी फट पडेल, तशीच ती होती. शांत स्वभावाच्या बाईंनी त्या दिवशी खोलीत तीन-चार येरझाऱ्या घातल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी तपासण्यांची यादी केली. पहिल्याच ओळीत अप्पांचा प्रश्न होता. उपग्रहाने त्या जागी पुरेसे पाहिले आहे का? उपग्रह स्वतःभोवती फिरत आकाशाचे पट्टे न्याहाळतो. कुठे तो अनेकदा पाहतो, कुठे कमी वेळा. जिथे कमी पाहिले तिथले मंद तारे यादीत येत नाहीत आणि नसलेली फट दिसू लागते. ही तपासणी बाईंनी माझ्याकडे दिली.

मी ती केली. एका सकाळचे काम होते. फटीच्या दोन्ही बाजूंपेक्षा नेमक्या फटीच्या जागी उपग्रहाने कितीतरी कमी वेळा पाहिले होते. कुठे किती वेळा पाहिले त्याचा नकाशा पडद्यावर आला. मी तो पुन्हा काढला. पुन्हा तोच आला.

कायम पदाची मुलाखत तीन आठवड्यांवर होती. कोरेगावात वडिलांनी सगळ्यांना सांगितले होते, की पोराने आकाशात काहीतरी शोधले आहे. मी स्वतःची समजूत घातली, की हा परिणाम फार मोठा नसेल, फट थोडी लहान होईल इतकेच. ते खरे की खोटे हे मोजायला आणखी दोन दिवस लागले असते. मी मोजले नाही. तपासणीच्या वहीत मी लिहिले, 'पाहिले. ठीक आहे.' खाली सही केली आणि पडद्यावरचा नकाशा पुसून टाकला.

बाईंनी वही पाहिली, माझ्या सहीवर विश्वास ठेवला आणि शोधनिबंध पाठवला. तो छापून आला. स्थानिक वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. मुलाखत तेवढ्यात पुढे ढकलली गेली. मधल्या काळात वडिलांनी आणि त्यांच्या माजी सैनिक मित्रांनी कोरेगावात आम्हा दोघांचा जाहीर सत्कार ठरवला. बसस्थानकासमोर माझ्या आणि बाईंच्या छायाचित्राचा फलक लागला. त्यावर लिहिले होते, 'कोरेगावच्या सुपुत्राने शोधला आकाशातला अदृश्य गोळा.'

सत्काराच्या आदल्या दिवशी बाईंचे तीन फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. मांडवाच्या गडबडीत आहे, असे कारण मी मनातल्या मनात तयार ठेवले होते.

रविवारी सकाळी बाई सांगलीहून एस.टी.ने एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी. सभागृह भरले होते. माजी सैनिक पहिल्या दोन रांगांत ताठ बसले होते. निवेदकाने शाल-श्रीफळासाठी बाईंना पुढे बोलावले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी बोलते. मग शाल द्यायची का नाही ते तुम्ही ठरवा."

लोकांना तो विनय वाटला. काहींनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "मंडळी, तुम्ही ज्या शोधासाठी आम्हाला बोलावलंत, तो शोध चुकीचा आहे. या आठवड्यात मी जुनी यादी पुन्हा तपासली. उपग्रहानं त्या जागी फार कमी वेळा पाहिलंय. तिथले तारे आम्हाला दिसले नाहीत, म्हणून आम्ही तिथं फट आहे असं म्हटलं. हे मी छापायच्या आधी स्वतः तपासायला हवं होतं. निबंधावर पहिलं नाव माझं आहे. ही चूक माझी आहे. निबंध आम्ही मागे घेतोय."

मी व्यासपीठावर बसलो होतो. निबंध चुकला हे मला ठाऊक होतेच. मी हबकलो ते बाईंच्या एका वाक्याने. ही चूक माझी आहे.

पहिल्या रांगेतले एक वृद्ध हवालदार उभे राहिले. "म्हंजी बाई, गोळा न्हाई व्हय तितं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "असेलही. पण आम्हाला सापडला असं म्हणायचा आम्हाला हक्क नाही."

मग वडील उठले. आयुष्यात मी त्यांना एवढे पांढरेफटक कधी पाहिले नव्हते. "आवं बाई, ह्ये घरात सांगायचं हुतं. समदं गाव जमल्यावर चारचौघांत आमची शोभा कशापायी केली? पोराचं काय हुईल ह्याचा इचार केला का तुमी?"

"सुभेदारसाहेब," बाई म्हणाल्या, "शोध लागला हे चारचौघांतच सांगितलं होतं ना आपण?"

कुणी शाल दिली नाही. कुणी थांबवलेही नाही. बाईंनी कागद पिशवीत ठेवला, सभेला नमस्कार केला आणि त्या बाहेर पडल्या. मी मागोमाग धावलो.

बसस्थानकावर त्या बाकावर बसल्या होत्या, आमच्याच फलकाखाली. मी शेजारी उभा राहिलो. त्यांनी मला बसायला सांगितले, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, "तुला आधी सांगायला फोन केले होते रे. घाबरू नकोस, मुलाखतीत कुणी विचारलं तर माझं नाव सांग." मग थोड्या वेळाने, केवळ नोंदीसाठी विचारावे तसे त्यांनी विचारले, "वहीत तुझी सही आहे. ते बघायचं राहून गेलं होतं ना?"

मी 'हो' म्हणालो असतो तर प्रकरण तिथेच संपले असते. बाई तो शब्द ऐकायला तयारच होत्या. पण त्यांच्याकडे बघून ते जमले नाही.

"राहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मी बघितलं होतं."

"कधी?"

"पाठवायच्या आधी. नकाशा काढला होता. मग पुसला."

सभागृहात शेकडो माणसांसमोर उभ्या राहिलेल्या बाईंचा चेहरा शांत होता. आता तोच चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. माझ्याकडून आळस झाला असेल, घाई झाली असेल, इथवरच त्यांची कल्पना पोहोचली होती. त्यापलीकडचे त्यांच्या मनातही आले नव्हते. सांगलीकडची गाडी लागली. कंडक्टरने हाक दिली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही घरी जा. वडील एकटे आहेत."

दहा वर्षांत पहिल्यांदा त्या मला 'तुम्ही' म्हणाल्या.

गाडीच्या पायरीपाशी मी कसेबसे विचारले, "बाई, तुम्ही हे सांगणार का सगळ्यांना?"

"माझी चूक मी सांगितली," त्या म्हणाल्या. "तुमची मी कशी सांगणार?"

त्यानंतरचे लिहिताना मला जास्त शरम वाटते. निबंध मागे घेतल्याचे निवेदन बाईंनी लिहिले, त्यात कुणावरही बोट नव्हते. लांबलेली मुलाखत झाली. समितीने त्या निबंधाबद्दल विचारले. मी म्हणालो, "ती तपासणी राहून गेली." मराठीत कर्ता न सांगता वाक्य पुरे करता येते, याचा मी त्या दिवशी पुरेपूर फायदा घेतला. मला नोकरी मिळाली. पुढे साताऱ्याच्या एका चर्चासत्रात चहाच्या वेळी कुणीतरी म्हणाले, "मगदूम मॅडम हुशार, पण वय झालं की अशी घाई होते." सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. मी कपात साखर ढवळत राहिलो.

आणि बाई? सत्कारानंतर तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "सोमवारी दहाला येताय ना?" मला वाटले होते, की त्या माझे तोंड पाहणार नाहीत. मी गेलो. टेबलावर नव्या कामाचा आराखडा होता. संगणकावर खोटे ताराप्रवाह तयार करायचे, त्यांतल्या काहींत एकाने गुपचूप खोट्या फटी घालायच्या आणि दुसऱ्याने त्या ओळखायच्या. घातलेल्यांपैकी किती सापडतात, किती नसलेल्याच दिसतात, हे आधी मोजायचे. मगच खऱ्या आकाशाकडे वळायचे. एकाची तपासणी नेहमी दुसऱ्याने पुन्हा करायची, ती बाईंची असली तरी. ही शिस्त आज बाईंचे विद्यार्थी जिथे जिथे गेले तिथे पाळतात. तिचा उगम कशात आहे हे त्यांना आज कळत असेल.

या सात वर्षांत बाईंनी मला एकदाही त्या गोष्टीची आठवण करून दिली नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्या येतात, आमच्या घरी जेवतात. मला मात्र त्या अजूनही अहो-जाहो करतात. इतरांना तो मानाचा भाग वाटतो. मी कुणाला खुलासा केलेला नाही.

गौरवग्रंथाचे पत्र आले तेव्हा मी नेहमीसारखा एक लेख लिहून काढला. ज्ञानतपस्वी, निष्ठावान, मार्गदर्शक असे सगळे शब्द त्यात होते. वाचून पाहिला आणि सुन्न झालो. ज्या बाईंना मी सात वर्षे म्हातारपणी चुकलेली बाई म्हणून वावरू दिले, त्यांच्यावर मी ही विशेषणे उधळत होतो. तो लेख फाडला आणि हा लिहिला.

लिहिण्यापूर्वी कोरेगावला जाऊन वडिलांना सांगितले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. ओसरीवर पेपर वाचत होते. मी सांगत गेलो तसा पेपर त्यांच्या मांडीवर घसरत गेला.

"म्हंजी," ते म्हणाले, "त्या दिशी बाई तितं तुझ्यापायी उभ्या हुत्या?"

"हो."

"आनि मी त्यांस्नी बोललो."

त्यांनी पेपरची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून, कुणाला न सांगता एस.टी.ने सांगलीला गेले. बाईंच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाई, मी चारचौघांत बोललो हुतो. माफी बी चारचौघांतच मागनार. कुठं यायचं सांगा."

बाईंनी त्यांना आत बसवले, चहा केला, तासगावचे बेदाणे पुढे ठेवले. "तुम्ही मुलाची बाजू घेतलीत," त्या म्हणाल्या. "बापानं ती घ्यायचीच असते. त्यात माफी कसली?"

वडील संध्याकाळी घरी परतले ते गोंधळलेलेच. मला म्हणाले, "आरं, मी माफी मागाय गेलो, तर त्या मलाच इचारत्यात, विकासला झोप लागती का नीट म्हून. सात वर्सं हाच घोर लागलाय म्हनल्या."

हे ऐकून मी घराबाहेर पडलो आणि बराच वेळ तसाच चालत राहिलो. सात वर्षे मी समजत होतो, की बाईंनी मला दूर केले आहे.

या लेखाचा मसुदा मी बाईंना दाखवला. त्यांनी विज्ञानातल्या दोन चुका दुरुस्त केल्या, सात-आठ विशेषणे खोडली आणि समासात लिहिले, 'माझी चूक माझ्याकडून काढून घेऊ नका. पहिल्या लेखिकेनं स्वतः तपासायचं असतं. मी तपासलं नाही. तेही खरंच राहू द्या.' तसे मी राहू दिले आहे. मग मान वर करून त्या म्हणाल्या, "गौरवग्रंथात माझ्याबद्दल लिहायचं असतं. हे बरंचसं तुमच्याबद्दल आहे. पण छापा."

जे इथे लिहिले ते सगळे मी प्राचार्यांनाही लेखी दिले आहे. त्यावर काय निर्णय होईल मला माहीत नाही. हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माझ्या नावापुढे प्राध्यापक हा शब्द असेल की नाही, हेही ठाऊक नाही. चर्चासत्रात ज्यांनी माना हलवल्या होत्या, त्यांना एवढीच विनंती की त्या दिवशीचे आपले मत त्यांनी बदलावे. बाईंच्या वयाचा त्या चुकीशी काही संबंध नव्हता.

त्या फटीचे पुढे काय झाले, हे पुष्कळ जण विचारतात. उपग्रहाची नवी यादी आली, तिच्यात त्या जागी जास्त वेळा पाहिले गेले आहे. फटीचा बराचसा भाग ताऱ्यांनी भरून निघाला. पण एका टोकाला थोडीशी जागा अजूनही विरळ दिसते, अगदी अरुंद. तिथून खरोखरच काही गेले असेल का? गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने उत्साहाने बाईंना हेच विचारले. बाई म्हणाल्या, "अजून बरंच तपासायचंय. घाई कशाची?"

बाईंना आता पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डाव्याची त्यांनी दोनदा पुढे ढकलली, कारण मोजणी अर्धवट होती. ती त्यांनी या महिन्यात करून घ्यावी, अशी आम्हा सर्वांची कळकळीची विनंती आहे. उपग्रहाची सर्वांत मोठी यादी अजून यायची आहे. ती येईल त्या सकाळी बाई आपल्या खोलीत असाव्यात, दोन्ही डोळ्यांनी त्यांना लख्ख दिसावे, गुडघ्यांनी त्यांना तिथवर चालू द्यावे, आणि ती यादी त्यांनी सावकाश, कुणाच्याही सहीवर विसंबून न राहता, स्वतः पाहावी. त्या अरुंद जागेत काही असेल तर ते त्यांच्याच हाती लागो. काही नसेल तर तेही आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळो. त्यासाठी जितके आयुष्य लागेल तितके, आणि त्याहून पुष्कळ अधिक, त्यांना निरोगी लाभो.